शीटलाही माया सोडणारा फॅब्रिकेटर (जळगाव, गच्चीवरची शेड)

गच्चीवर माझा शिवणक्लास चालतो. आधीची पॉलीकार्बोनेटची (कडक प्लास्टिकच्या शीटची) शेड स्क्रूभोवती तडकत गेली आणि पावसाळ्यात थेट मशीनवर गळायला लागली. लावणाऱ्याला बोलावलं की तो सिलिकॉन थापून जायचा. शेवटी गेल्या जानेवारीत गावातल्याच दुसऱ्या फॅब्रिकेटरकडून सगळी नवीन करून घेतली. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही बघून झाले, म्हणून आता लिहितेय.

या माणसाचं काम बघताना पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. स्क्रूची भोकं ढगळ, आणि भिंतीकडे शीट चक्क अर्धा बोट आत! म्हटलं, भाऊ, माप चुकलं का? तो म्हणाला, "ताई, थंडीत लावतोय ना, मे महिन्यात ही फट तुम्हाला दिसणार नाही." मग पाइपावर खडूनेच हिशेब मांडून दाखवला. एक मीटर पॉलीकार्बोनेट दर अंशामागे साधारण 0.065 मिलिमीटर वाढतं, लोखंड जेमतेम 0.012. जानेवारीतली पहाट 10 अंशांची आणि मेच्या उन्हात शीट 60 ला टेकणार. म्हणजे बारा फुटी शीट जवळजवळ 12 मिलिमीटर वाढणार, खालचा लोखंडी पाइप मात्र दोनच. दोघांना घट्ट आवळलं तर शीट भोकापाशीच फाटणार. ब्लाऊजला माया सोडतो तसंच हे, मला लगेच पटलं.

त्याने शीटच्या मधला स्क्रू घट्ट बसवला, म्हणजे वाढ दोन्ही टोकांकडे निम्मी-निम्मी जाते. टोकांकडची भोकं लांबट ठेवली, वर रुंद ईपीडीएम (रबराचे) वॉशर. साधे मऊ पीव्हीसी वॉशर आणि आंबट वासाचं सिलिकॉन त्याने हातात धरलं नाही. त्या दोन्हींमुळे शीट खराब होते म्हणे. यूव्हीची, म्हणजे उन्हापासून जपणारा थर असलेली बाजू वर आहे ना, हे शीटवर चिकटवलेल्या फिल्मवरचं वाचून मलाही दाखवलं. शीटच्या आतल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेने ठेवून वरच्या टोकाला ॲल्युमिनियम टेप लावली.

मेमध्ये फट खरंच बुजली. पावसात एक थेंब आत नाही.

आता तक्रारी. सकाळी ऊन चढताना आणि दिवेलागणीला शीट टक्‌टक्‌ वाजते. शीट सरकतेय म्हणून वाजते हे खरं, पण नव्या मुली दर वेळी वर बघतात. पैसे आधीच्यापेक्षा बरेच जास्त घेतले आणि दिलेल्या तारखेला माणूस फिरकलाच नाही, फोन करकरून आणावा लागला. दुपारचा उकाडा तर आहेच. पारदर्शक शीट घेऊ नका, दुधी घ्या. मी दुधी घेऊनही मेमध्ये क्लास सकाळीच उरकते.

पाचापैकी चार. आणि शीटचं वॉरंटी कार्ड मागून घ्या, तो स्वतःहून देत नाही.