बंदुकीचं कपाट: कारखान्याचं की वेल्डरचं?

यंदा गणपतीला दर्शनाला आलेल्या तिघांनी नमस्कार करून प्रसाद घेतला आणि मखराचं कौतुक करायच्या आधी माझ्या आतल्या खोलीतल्या कपाटाची चौकशी केली. तिघांकडेही शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअरची एकनळी आहे. तिघांनाही ती वडिलांच्या मागे आली, आणि तिघांनाही ती कुलपात ठेवायचं जरा उशिरानेच सुचलं. मी हा खर्च दोनदा केलाय. आधी कारखान्यात बनलेलं उभं कपाट ऑनलाइन मागवलं आणि दोन पावसाळे वापरलं. मग कुडाळकडच्या एका वेल्डरकडून दुसरं करून घेतलं, त्यालाही आता चार पावसाळे झाले. त्या तिघांना चहाबरोबर तुकड्यातुकड्यांत सांगितलं ते इथे सलग लिहितो.

वडिलांच्या काळी बंदूक माजघरात दोन खुंट्यांवर आडवी असायची. खंडेनवमीला खाली उतरायची, पुसून, झेंडूचं फूल वाहून पुन्हा वर जायची. काडतुसं फडताळात, पंचांगाच्या मागे. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. आता मे महिन्यात घरात पाच नातवंडं असतात आणि त्यातली दोन खुंटीला हात पोचेल एवढी झालीत. शिवाय शस्त्र सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी परवान्याबरोबरच आपल्या गळ्यात आलेली असते. खुंटी दाखवून ती पार पडत नाही.

पहिला मोह सगळ्यांना होतो तो छोट्या डिजिटल लॉकरचा, हॉटेलच्या खोलीत असतो तसा. स्वस्त असतो, पण रिव्हॉल्व्हर असेल तर ठीक. माझी बंदूक दस्त्यापासून तोंडापर्यंत ४८ इंच भरते. नळी सोडवून वेगळी केली तरी ती एकटीच ३२ इंच. दीड-दोन फुटांच्या डब्यात ती कशी मावणार? तो लॉकर मोडीत मात्र काढू नका, पुढे काडतुसांसाठी लागेल.

दुसरा मोह घरातल्या लोखंडी कपाटाचा. उंची भरपूर असते, पण पत्रा २० किंवा २२ गेजचा, म्हणजे मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी. शिवाय ते दिवसातून दहा वेळा कुणीतरी साडी किंवा टॉवेल काढायला उघडतं. ज्या कपाटाची चावी दाराला लटकलेली असते, त्याला कुलूपबंद म्हणता येत नाही.

तेव्हा खरी निवड दोनातच राहते.

कारखान्याच्या कपाटाबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते खरंच चांगलं दिसत होतं. मला २३ हजारांना पडलं. दाराची फट सगळीकडे सारखी, रंग गुळगुळीत, आकड्यांचं पॅनेल, बिजागऱ्या आतून, दाराला तीन बाजूंनी जाड दांडे. असं दार आमचा वेल्डर सात जन्मांत करणार नाही, आणि हे तोही मान्य करील. आत करड्या रंगाचं मऊ अस्तर आणि नळ्या टेकवायला स्पंजच्या पाच खाचा. खोक्यातून काढल्यावर मी शेजाऱ्याला बोलावून दाखवलं होतं.

त्या पाच खाचांचा हिशोब मात्र मला उशिरा लागला. २०१९ च्या दुरुस्तीपासून आपल्याकडे एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालायच्या. नेमबाज खेळाडूंना सवलत आहे, पण आपण डुकरं हाकलायला बार काढणारी माणसं. तीन खाचांच्या जागेचे पैसे मोजून आपण घरात हवा साठवतो, आणि कोकणातली ती हवा काय करते ते खाली सांगतो.

आकड्यांच्या पॅनेलची गंमत वेगळीच. नंबर विसरला किंवा सेल उतरले तर उघडायला म्हणून सोबत एक चावी येते. ती चावी कुठे ठेवायची? कपाटात ठेवता येत नाही. बाहेर ठेवली की नंबराला अर्थ उरत नाही. मी ती आधी तांदळाच्या कणगीत ठेवली, मग देवघरामागे, शेवटी करदोड्याला बांधली. करदोड्याला चावी बांधायचीच होती तर २३ हजार कशाला, असं बायको म्हणाली. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बटणांचा बीप बीप आवाज पहाटे चारला अख्खं घर जागं करतो, तेही आहेच. पण या सगळ्याशी जमवून घेतलं असतं.

कपाट भिंतीला बसवायला गेलो तेव्हाही थोडी मजा झाली, पण त्यात कपाटाचा दोष नाही. सोबत चार अँकर बोल्ट येतात, ते काँक्रीटच्या भिंतीसाठी. आमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं. चिऱ्यात भोक पाडून बोल्ट आवळला की तो फुगतो, भोवतीचा चिरा भुगा होऊन गळतो, आणि बोल्ट हातात येतो. चारातले तीन असे आले. शेवटी भिंतीतून आरपार लांब बोल्ट काढून बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी मारली. कुठलंही कपाट घ्या, जांभ्याच्या घरात हेच करावं लागेल असं मला वाटतं. न बांधलेलं कपाट दोन माणसं उचलून टेम्पोत घालतात.

आता मुख्य दुखणं. ते त्या मऊ अस्तराचं.

सिंधुदुर्गात वर्षाला ३ हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुलैत भिंतीला हात लावला तर हाताला पाणी लागतं, मीठ बरणीत पाणी सोडतं, चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी येते. अशा दिवसांत त्या कपाटाचं दार उघडलं की बंद पेटीत ठेवलेल्या गोधडीचा वास यायचा. दाराची फट बारीक होती, पण हवाबंद नव्हती. ओल आत शिरायची आणि अस्तरात मुरून बसायची, बाहेर पडायला तिला वाट नव्हती. पहिल्या पावसाळ्यात मी आषाढातल्या एकादशीला बंदूक पुसून ठेवली आणि नारळी पौर्णिमेला काढली. महिना नुकताच उलटला होता. नळी जिथे स्पंजच्या खाचेत टेकली होती, बरोबर तिथे बोटभर रुंदीचा तांबूस पट्टा. बाकी नळी स्वच्छ. म्हणजे गंज हवेने नव्हे, त्या स्पंजाने आणला होता. शेजारच्या आजोबांनी नळीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "बंदूक ठेवलंस की लोणच्याक घातलंस?"

बारीक स्टील वूल आणि तेल लावून गंज निघाला, पण त्याबरोबर नळीवरची निळसर काळी झाकही गेली. वडिलांनी ४० वर्षं खुंटीवर ठेवलेल्या बंदुकीला जो डाग पडला नव्हता, तो मी २३ हजारांच्या कपाटात पाडला. खुंटीवर तिला चुलीची ऊब आणि वारा दोन्ही मिळत होतं, हे तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या वर्षी उपाय केले. सिलिका जेलच्या थैल्या टाकल्या. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी होतात, मग ते तापवून परत निळे करायचे. आमच्याकडे ते चार-पाच दिवसांत गुलाबी व्हायचे. (हे दाणे स्वयंपाकाच्या तव्यावर भाजू नका, तो निळा रंग पोटात जाण्यासारखा नसतो. वेगळा जुना तवा ठेवा.) श्रावणभर मी दाणे भाजत बसलो. तेलही बदलून पाहिलं. खोबरेल लावणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि घोडा जड करतं. शिवणयंत्राचं पातळ तेल बरं. पण तेल लावलेली नळी स्पंजात टेकली की तेल स्पंज पितो आणि नळी पुन्हा कोरडी. शेवटी अस्तर ओरबाडून काढायला घेतलं, तर ते गोंदाने चिकटवलेलं. निम्मं निघालं, निम्मं राहिलं, आणि कपाट लूत लागलेल्या कुत्र्यासारखं दिसू लागलं. त्या दिवशी मी वेल्डरकडे गेलो.

वेल्डरला सांगितलेलं थोडक्यात असं. पत्रा ३ मिलिमीटरचा. साडेचार फूट उंच, सव्वा फूट रुंद, एक फूट खोल, दोन बंदुकांना पुरे. आत अस्तर नाही, नुसता रंग. टेकवायला सागवानाची आडवी पट्टी, तिच्यात दोन खाचा आणि खाचेत सायकलच्या ट्यूबचा तुकडा, कारण रबर पाणी पीत नाही. खाली एक आणि वर एक, करंगळी जाईल न जाईल एवढ्या भोकांच्या ओळी, आतून जाळी. तळाला होल्डर आणि त्यात १५ वॉटचा झिरोचा बल्ब, भोवती पत्र्याचं झाकण, म्हणजे काही पडून त्याला चिकटणार नाही.

त्या बल्बात सगळं आलं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो चालू असतो. आतली हवा थोडी तापते, वरच्या भोकांतून निघते, खालून दुसरी येते. बाहेरच्या भिजल्या हवेपेक्षा आतली दोन-चार अंशांनी गरम असली की पाणी नळीवर बसत नाही. मोजमाप मी केलेलं नाही. चार पावसाळ्यांत डाग पडलेला नाही, एवढाच माझा पुरावा. वीज जाते तेव्हा काय, असं विचाराल. आमच्याकडे वादळात दोन-दोन दिवस जाते. तेवढ्याने काही बिघडलं नाही. मात्र बल्ब पिवळा, तापणारा हवा. एलईडी घातलात तर उजेड पडेल, ऊब मिळणार नाही. आणि बंदूक खोळीत घालून आत ठेवू नका, कॅनव्हासची खोळ म्हणजे पुन्हा तोच स्पंज.

काडतुसं या कपाटात अजिबात नाहीत. एक तर बंदूक आणि काडतूस एका कुलपात नको, आणि दुसरं म्हणजे बल्बाच्या शेजारी तर मुळीच नको. ती त्या छोट्या डिजिटल लॉकरमध्ये, दुसऱ्या खोलीत. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं पूर्वी कागदी खोळीचीही पाहिली आहेत. कागदी काडतूस कुणाचंही असो, ओलीने फुगलं की नळीत जात नाही आणि गेलं तर निघत नाही. प्लॅस्टिकच्या खोळीला तो त्रास कमी. तरी लॉकरमध्ये सिलिका जेलची एक थैली आहे. एवढ्याशा जागेत ती महिनाभर टिकते.

वेल्डरच्या कपाटाचे दोषही सांगायला हवेत. कुलूप हा त्याचा कच्चा दुवा. त्याच्या मनात कडी-कोयंडा आणि टाळं होतं. टाळं पहारीने दोन मिनिटांत निघतं. मी सात लिव्हरची आत बसणारी दोन कुलपं स्वतः आणून दिली, एक वर, एक खाली. बिजागऱ्या बाहेरच आल्या, त्या आत घ्यायला त्याला जमलं नाही. म्हणून दाराच्या बिजागरीकडच्या कडेला आतून एक पट्टी वेल्ड करून घेतली. दार बंद झालं की ती चौकटीमागे जाते, मग बिजागरी कापली तरी दार जागचं हलत नाही. हे तुम्ही सांगितलं नाही तर तो करणार नाही. रंगाचा वास महिनाभर गेला नाही. दार पावसाळ्यात थोडं घासतं. आणि "पुढच्या सोमवारी देतो" यातला सोमवार सहा आठवड्यांनी उजाडला. रंग, कुलपं, टेम्पो धरून १४ हजारांत झालं. रिकामं कपाट ५० किलोच्या आसपास भरतं, ते आत घ्यायला चौघे लागले. आगीचं म्हणाल तर दोन्ही कपाटांवर माझा भरवसा नाही.

तुम्ही पुण्यात, नाशकात किंवा घाटावर कुठेही फ्लॅटमध्ये राहत असाल, तर माझ्या बोलण्याला फार किंमत देऊ नका. तिथे भिंत काँक्रीटची, हवा वर्षातले आठ महिने कोरडी, आणि कारखान्याचं दार निर्विवाद चांगलं. चावी हरवण्याची खोड असणाऱ्यालाही आकडे बरे. फक्त घेण्याआधी आतल्या अस्तरावर नख मारून बघा, ते सुटं निघतं की चिकटवलेलं आहे. सुटं निघत असेल तर कदाचित मीही वेल्डरकडे गेलो नसतो. पण घाटाखाली, समुद्राच्या वाऱ्यात, चिऱ्याच्या घरात असाल तर मी तरी पुन्हा पत्रा, भोकं आणि बल्ब हेच करीन.

जुन्या कपाटात बायकोने पापड ठेवून पाहिले, ते सादळले. आता ते पडवीत आहे, त्यात आंब्यावर फवारायची औषधं कुलपात असतात. त्या कामाला ते उत्तम आहे.

एक राहिलं. माप द्यायला बंदूक घेऊन वेल्डरच्या दुकानात जाऊ नका. बाजारपेठेतून बंदूक नेणारा माणूस दिसला की लोक आधी फोन काढतात आणि मग कारण विचारतात. मी बंदुकीच्या उंचीची चिव्याची (बारीक बांबूची) काठी तोडून नेली होती, दस्ता किती रुंद ते त्यावर कोयत्याने खूण करून. वेल्डरने तीच काठी उभी करून कपाट बेतलं. ती इतके दिवस कपाटाच्या मागे होती. तिघांतला एक परवा येऊन घेऊन गेला, दुसरा तिची वाट बघतोय.