प्रागचं हॉटेल पक्कं करताना ५४,१२० रुपये गेले

प्रागच्या हॉटेलच्या नावाखाली आमचे ५४,१२० रुपये ५३ पैसे गेले. लिहिताना लाज वाटतेय, कारण घरात सगळ्यांना ‘आलेली लिंक उघडू नका’ म्हणून बजावणारी मीच. पण प्रागच काय, व्हिएन्ना किंवा रोमला निघालेल्यांनाही हेच लोक असंच गाठत असणार, म्हणून गप्प बसवत नाही.

आधीच सांगते, हा कुठल्या अनोळखी नंबरवरून आलेला मेसेज नव्हता. बुकिंग सगळ्यांच्या ओळखीच्या एका मोठ्या साइटवर केलं होतं. हॉटेल माला स्त्राना भागात, चार्ल्स ब्रिजपासून चालत जाण्याच्या अंतरावर. सोबत सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. तीन दिवसांत पूल, जुन्या चौकातलं १४१० सालचं घड्याळ आणि किल्ला दाखवायचा तर मुक्काम मध्यातच हवा. तीन रात्रींचे १२,८७० कोरुना (तिथलं चलन), पैसे हॉटेलवर पोहोचल्यावर द्यायचे. हाच बुकिंगचा कागद शेंगेन व्हिसाच्या अर्जाला जोडला होता. माणशी ९० युरो फी भरून झाली होती आणि पासपोर्ट तिकडे जमा होते.

नेमका त्याच वेळी मेसेज आला. साइटच्या अ‍ॅपमध्येच. मी हॉटेलला लिफ्ट आहे का विचारलं होतं, त्यांनी ‘लिफ्ट आहे, पण दारात तीन पायऱ्या आहेत’ असं उत्तर दिलं होतं. त्या उत्तराच्या बरोब्बर खाली: तुमच्या कार्डाची पडताळणी झालेली नाही, २४ तासांत केली नाही तर बुकिंग रद्द होईल, रक्कम फक्त अडकवून ठेवली जाईल आणि लगेच मोकळी होईल. आमची नावं बरोबर, बुकिंग क्रमांक बरोबर, तारखा बरोबर. अशा मेसेजवर संशय कोण घेणार? बुकिंग रद्द झालं तर व्हिसा जाणार, ही भीती डोक्यात होती, आणि ती भीती त्यांना चांगली माहीत असते.

लिंक उघडली. तोच निळा रंग, हॉटेलचाच फोटो. रक्कम ५१४.८० युरो.

इथेच कळायला हवं होतं! प्राग ज्या देशात आहे त्या चेक प्रजासत्ताकाचं चलन युरो नाही, हॉटेलचा भाव कोरुनात होता, आणि मीच आठवडाभर घरात सगळ्यांना ‘तिकडे कोरुना लागतात’ म्हणून सांगत होते. वेबपत्त्यात साइटचं नाव सुरुवातीला होतं, पण त्याला आडवी रेघ जोडून पुढे भलतंच शेपूट होतं. मोबाइलवर तेवढा पत्ता दिसतच नाही, अर्धा कापला जातो. आणि ओटीपीच्या मेसेजमध्ये पैसे घेणाऱ्याचं नाव भलत्याच दुकानाचं होतं. पण हल्ली फोन ते सहा आकडे कीबोर्डवर आपणहून आणून देतो, मेसेज उघडावाच लागत नाही. तो मेसेज मी नंतर किती वेळा वाचला असेल! ओटीपी टाकण्याआधी मेसेज उघडा आणि नाव वाचा. फोनने दिलेले आकडे दाबू नका.

पैसे गेल्याचा मेसेज आला तेव्हा ‘अडकवून ठेवली’ असं काही नव्हतं, सरळ खर्च. ५१,९७४ रुपये, त्यावर परकीय चलनाचं साडेतीन टक्के शुल्क १,८१९ रुपये ९ पैसे, आणि त्या शुल्कावर जीएसटी ३२७ रुपये ४४ पैसे. चोरीच्या व्यवहारावरही बँकेने आपलं शुल्क घेतलं आणि ते आजतागायत परत केलेलं नाही.

अर्ध्या तासात कार्ड बंद केलं, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार क्रमांक घेतला. हे असंच करा, तासाचा उशीरही नको. त्यानंतर मात्र सगळ्यांनी हात वर केले. साइटवाले म्हणाले, पैसे आमच्या साइटबाहेर भरलेत, आमचा संबंध नाही. अहो, मेसेज तुमच्या अ‍ॅपमध्ये आला! हॉटेलच्या लोकांना एखादा बनावट ईमेल पाठवून त्यांचा पासवर्ड चोरायचा आणि मग त्यांच्याच खात्यातून पाहुण्यांना लिहायचं, हा प्रकार या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मग तुमच्याच चॅटमध्ये बाहेरची लिंक मुळात जाऊ का देता?

बँकेचं एकच पालुपद, ‘मॅडम, ओटीपी तुम्ही दिलात.’ रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी त्यांना पाठवलं. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसरीकडेच झाली असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही, असं त्यात आहे. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर आहे, हेही त्यातच आहे. बँकेने त्यातलं ग्राहकाच्या निष्काळजीपणाचं कलम तेवढं उचललं. पुरावा मागितला तर पुन्हा तेच दोन ओळींचं छापील उत्तर.

पोलीस ठाण्यात तर ‘परदेशातलं प्रकरण आहे, इथे काय करणार’ म्हणून बाकावर बसवून ठेवलं. कार्ड इथलं, फोन इथला, फसवली गेलेली बाई इथली! हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते स्पष्ट आहे. मी कलम सांगितल्यावर साहेब म्हणाले, ‘मग कोर्टातच सांगा.’ लेखी अर्जावर पोच मिळायला संध्याकाळ झाली. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आणि प्रागला पोहोचल्यावर काय दिसलं? हॉटेलच्या काउंटरवर कागद चिकटवलेला: आम्ही कोणत्याही लिंकवरून पैसे मागत नाही. म्हणजे यांना माहीत होतं! काउंटरवरचा कागद येण्याआधी कोणाला दिसणार आहे? सगळ्या पाहुण्यांना एक ईमेल टाकता आला नसता? रिसेप्शनवरच्या मुलाने ‘सॉरी’ म्हटलं आणि १२,८७० कोरुना पुन्हा घेतले. पूल, घड्याळ, किल्ला सगळं सुंदरच होतं, पण माझं निम्मं लक्ष बँकेच्या ईमेलकडे.

‘पैसे हॉटेलवर’ असं बुकिंग असेल तर त्याआधी कोणालाही छदाम देऊ नका. शंका आली तर हॉटेलच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन करा, मेसेजमधला नंबर नको. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार बंद ठेवा, लागेल तेव्हा तेवढ्याच मर्यादेचे चालू करा. तिथे रस्त्यावर ‘चांगला भाव देतो’ म्हणणाऱ्याकडून पैसे बदलू नका, भलत्याच देशाच्या नोटा हातात ठेवतात. दुकानात बदलले आणि भाव वाईट निघाला, तर १,००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो. २०१९ पासून तिथे तसा कायदा आहे, पावती जपा. जुन्या चौकातल्या टपऱ्यांवर हॅमचा भाव १०० ग्रॅमचा लिहिलेला असतो, तुकडा कापण्याआधी वजन सांगा.

बँकेचं अंतिम उत्तर नकाराचंच आलं. आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली आहे. बँक तीस दिवसांत उत्तर देत नसेल किंवा नाकारत असेल तर तुम्हीही तिथे जा, ऑनलाइन होतं, फी नाही. तोवर कार्डाचं बिल मात्र मला पूर्ण भरावं लागलं, नाहीतर या ५४,१२० रुपयांवर व्याजही माझ्याच माथी आलं असतं.