दीपगृहाचा लाकडी संच: मनोरा झकास, दिव्यावर मात्र हात फिरवावा लागतो

ठाण्यात नौपाड्यातल्या हस्तकला साहित्याच्या एका दुकानात हा जोडणी संच 1,850 रुपयांना मिळतो. खोक्यात 6 मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) 40 थर, पितळेच्या दोन नळ्या, 6 व्होल्टची छोटी गिअर मोटर, एक एलईडी आणि दोन चपटी, गोल-गोल कड्यांची फ्रेनेल भिंगं. पूर्ण झालेलं दीपगृह दिव्याच्या खोलीसकट 32 सेंटिमीटर उंच भरतं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या शोभेच्या खांबांत याची गणना करू नका. दीपगृह उभं कसं राहतं हे यातून खरोखर कळतं.

नमुना आहे इंग्लंडमधल्या प्लिमथजवळच्या एडिस्टन खडकावर अभियंता जॉन स्मीटनने बांधलेल्या मनोऱ्याचा. त्या खडकावरचं 1698 सालचं पहिलं दीपगृह 1703 च्या वादळात बांधणाऱ्यासकट वाहून गेलं. दुसरं, मुख्यतः लाकडाचं, 1755 मध्ये जळालं. स्मीटनने 1759 मध्ये पुरा केलेला दगडी मनोरा ओकच्या बुंध्यासारखा तळाशी पसरट केला आणि दगड एकमेकांत डोव्हटेल, म्हणजे आत रुंद होत जाणाऱ्या खाचांनी अडकवले. संचातले खालचे 10 थर तसेच चार-चार तुकड्यांचे आहेत. गोंद न लावता एक थर जुळवा आणि कुठलाही तुकडा बाजूला ओढून बघा: हलत नाही, फक्त वर उचलला तरच निघतो. लाट ढकलते आडवी आणि वर उचलायला वरच्या थरांचं वजन आड येतं. सगळी युक्ती यात आली. पुढे 1882 मध्ये शेजारी नवं दीपगृह झालं ते मनोरा खचला म्हणून नव्हे, त्याच्याखालचा खडक लाटांनी पोखरला म्हणून. मनोऱ्याचा वरचा भाग आज प्लिमथच्या किनाऱ्यावर उभा आहे. हा भाग संचाने इतका चोख केलाय की पैसे इथेच वसूल होतात.

आता अडचणी. एमडीएफच्या कापलेल्या कडा दमट हवा पितात आणि फुगतात. ठाण्याच्या पावसाळ्यात एकेक थर 0.1 मिलिमीटरने जरी फुगला, तरी 40 थरांचे 4 मिलिमीटर होतात. सज्जाची फरशी आणि भिंगाची फिरती चौकट यांच्यात मोकळी जागा आहे जेमतेम 2 मिलिमीटर. फरशी वर सरकते, चौकट घासते आणि मोटर अडते. लोक मोटरला दोष देतात. म्हणून जोडणीआधी प्रत्येक थराला, विशेषतः कडांना, सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या. मात्र जिथे गोंद लागणार ती जागा 240 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासून घ्या, नाहीतर पांढरा गोंद धरत नाही. गोंद पातळच लावा, त्यातलं पाणीही लाकूड फुगवतं. पाच-पाच थर वजनाखाली दाबून 24 तास ठेवा. चाळिसावा थर चिकटवण्याआधी सगळं कोरडं रचून मोजा. उंची 240 च्या जागी 242 मिलिमीटरच्या वर गेली असेल तर शेवटचा थर घासून कमी करा.

दिव्याची रचना मुळात बरोबर आहे. बाहेरची नळी भिंगांना घेऊन फिरते, आतली स्थिर राहते आणि तिच्यातून एलईडीच्या तारा वर जातात. खऱ्या फिरत्या दीपगृहातही दिवा जागेवर असतो, फिरतं ते भिंग. दोन नळ्यांमध्ये शिलाई मशिनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

चूक आहे उंचीत. एलईडी भिंगाच्या मध्यापेक्षा 8 मिलिमीटर खाली बसतो. भिंगाचं नाभीय अंतर (सरळ झोतासाठी दिवा भिंगापासून जितका लांब हवा ते) 45 मिलिमीटर, त्यामुळे झोत दहा अंशांनी वर चढतो आणि 3 मीटरवरच्या भिंतीवर अर्धा मीटर उंच पडतो. समुद्रात असं झालं तर जहाजाला दिवाच दिसणार नाही. एलईडीखाली 8 मिलिमीटरचा प्लास्टिक नळीचा तुकडा घाला. सोबतचा घुमटी टोकाचा एलईडीही काढून टाका: तो स्वतःच अरुंद झोत टाकतो आणि भिंगाचा जेमतेम मधला भाग उजळतो. चपट्या टोकाचा, 120 अंशांचा घ्या. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो. त्याला वेगळा 5 व्होल्टचा यूएसबी पुरवठा आणि 100 ओहमचा रेझिस्टर द्या. मोटरच्या सेलवर जोडला तर उजेड थरथरतो.

मोटर मिनिटाला 30 फेरे घेते, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंगांमुळे दर सेकंदाला एक झोत. नजरेला ती नुसती लुकलुक वाटते. 6 व्होल्टवर मिनिटाला 15 फेरे घेणारी एन-20 प्रकारची छोटी गिअर मोटर 3 व्होल्टवर चालवली की फेरा साधारण 8 सेकंदांचा होतो आणि दर 4 सेकंदांनी झोत येतो. झोतांमधलं ठरलेलं अंतर ही दीपगृहाची ओळख असते. त्यावरूनच खलाशी रात्री एक दिवा दुसऱ्यापासून वेगळा काढतात.

सोबतच्या पुस्तिकेत दोन चुका आहेत: स्मीटनच्या मनोऱ्यात भिंग होतं ही एक, आणि दीपगृहातला पारा उजेड परावर्तित करायला असे ही दुसरी. स्मीटनच्या मनोऱ्यात सुरुवातीला भिंग नव्हतं, 24 मेणबत्त्या होत्या. फ्रेनेलचं भिंग प्रथम बसलं ते 1823 मध्ये, फ्रान्समधल्या कोर्दुआनला. आणि दीपगृहांत फिरत्या भिंगाखाली पारा असे, तो उजेड परावर्तित करायला नव्हता. टनावारी वजनाचं भिंग पाऱ्यावर तरंगतं, म्हणून बोटानेही फिरतं.

बनवणाऱ्यांनी पुढचा संच अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरच्या दीपगृहाचा काढावा. किल्ल्यातलं 1867 सालचं ते अष्टकोनी दीपगृह सपाट तुकड्यांत कापायला एडिस्टनपेक्षा सोपं आहे, आणि इथल्या मुलांना ते जवळचं वाटेल.

दहा वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांच्या मदतीने चार-पाच सुट्ट्यांत जमेल. पैसे देण्याआधी खोकं उघडून भिंगं उजेडासमोर धरून बघा. ती नुसत्या कागदात गुंडाळलेली असतात आणि कड्यांवर ओरखडा असेल तर झोतात काळी रेघ येते. सुटी भिंगं दुकानात मिळत नाहीत.