ऑलिव्हचा चोथा: बियांसकट की बिया काढून?

स्पेन, इटली, ग्रीसमध्ये साधारण ऑक्टोबरपासून ऑलिव्हचे घाणे सुरू होतात आणि तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्याचे ढीग लागतात. तो दुभत्या गाईंना घालायचा, तर बियांसकट की बिया काढून?

बियांसकट चोथा स्वस्त, घाण्यावरून थेट गोठ्यात. पण बीचे कवच म्हणजे निव्वळ लाकूड; गाईला ते पचत नाही, पोट मात्र भरते. दुधावरच्या गाईचे पोट असे वाया घालवणे मला पटत नाही. भाकड जनावरांना थोडा चालेल.

बिया काढलेल्या चोथ्यात लिग्निन (लाकडातला न पचणारा घटक) कमी, पचन बरे. उरलेल्या तेलामुळे दुधाच्या स्निग्धांशात ओलेइक आम्ल (ऑलिव्ह तेलातले मुख्य असंपृक्त मेदाम्ल) वाढते, संपृक्त चरबी घटते. वेगळे काढलेले कवच जळण म्हणून विकले जाते, त्यामुळे खर्चही थोडा निघतो.

पाण्याची अडचण दोन्हींत सारखीच. ताज्या चोथ्यात ५० ते ७० टक्के पाणी असते. उघडा राहिला की बुरशी धरतो, तेल खवट होते. म्हणून वाळवावा, नाहीतर हवाबंद मुरघास करावा. आणि याला सरकी पेंडीसारखे समजू नये: प्रथिने फार कमी, तीही नीट पचत नाहीत. दुभत्या गाईसाठी मी बिया काढलेलाच निवडेन, तोही बेताने, प्रथिनांची सोय वेगळी करून.