स्तनाच्या कर्करोगानंतर रक्तदाबाचे औषध: कोणता गट कोणाला सोयीचा

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पूर्ण झाल्यावर रक्तदाब वाढलेला आढळला, की बहुतेक जणींच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘या गोळीने कॅन्सर परत तर येणार नाही ना?’ असा. प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, परंतु औषध निवडताना त्याचा फारसा उपयोग होत नाही, असे माझे मत आहे. झालेल्या उपचारांचा हृदयावर, हाडांवर आणि हातावर काय परिणाम राहिला आहे, यावरून एक गट दुसऱ्यापेक्षा उजवा ठरतो. म्हणून आधी जुनी फाइल उघडून पाहावी: केमोमध्ये डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच्या गटातले औषध होते का, ट्रास्टुझुमॅब हे कर्करोगाच्या पेशींना लक्ष्य करणारे औषध दिले होते का, रेडिएशन डाव्या बाजूला झाले होते का. यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर शेवटच्या टू-डी इकोमध्ये हृदयाची पंपिंग क्षमता किती टक्के नोंदवली आहे, तो आकडा औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांसमोर असलाच पाहिजे.

हृदयावर असा ताण पडून गेला असेल, तर पहिली पसंती रामिप्रिल, एनालाप्रिल यांसारख्या ‘प्रिल’ गटाला किंवा टेल्मिसार्टन, कॅन्डेसार्टन यांसारख्या ‘सार्टन’ गटाला मिळते. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या 2022च्या मार्गदर्शक सूचनांतही कर्करोगाच्या रुग्णांसाठी हेच दोन गट आधी सुचवले आहेत, कारण ते रक्तदाब उतरवण्याबरोबरच दुर्बळ होऊ लागलेल्या हृदयावरचा भारही हलका करतात. दोहोंत निवड करायची झाल्यास माझा कल सार्टनकडे आहे, आणि त्याचे कारण खोकला हे आहे. प्रिल गटातील गोळ्यांनी अनेकांना, त्यातही स्त्रियांना अधिक, कोरडा खोकला सुरू होतो. इतर कोणासाठी ती केवळ कटकट असेल. पण कर्करोगातून उठलेल्या बाईला रात्री दोन वाजता ढास लागते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर थेट छातीचा सीटी स्कॅन उभा राहतो. जी भीती गोळी बदलून टाळता येते, ती तिच्या वाट्याला का यावी? ओठ किंवा जीभ एकाएकी सुजण्याचा धोकाही सार्टनमध्ये कमी असतो. सार्टनमुळे कर्करोग वाढतो का, अशी शंका 2010 साली एका विश्लेषणातून पुढे आली होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 मध्ये चाचण्यांची माहिती तपासून तसा वाढीव धोका दिसत नसल्याचे सांगितले. मात्र गर्भधारणेचा विचार असलेल्या तरुण स्त्रीने हे दोन्ही गट टाळावेत, आणि इतरांनीही गोळी सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम व मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन तपासून घ्यावे.

अ‍ॅम्लोडिपिनचे आकर्षण वेगळे आहे: ते रक्तदाब भरवशाने उतरवते, रक्ताच्या तपासण्यांचे बंधन घालत नाही आणि हाडांनाही अपाय करत नाही. हे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम शिरू न देणाऱ्या गटातले औषध आहे. या गटाभोवतीची भीती मुख्यतः 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून आली, ज्यात 10 वर्षे किंवा अधिक काळ या गटातील गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त दिसले होते. नंतरच्या मोठ्या पाहणी-अभ्यासांतून त्याला पुष्टी मिळाली नाही, त्यामुळे केवळ त्या कारणाने चांगली लागू पडलेली गोळी बंद करू नये. माझ्या दृष्टीने खरा आक्षेप सुजेचा आहे. अ‍ॅम्लोडिपिनने घोट्यांना सूज येते, चेहरा लाल होतो, आणि आधीच अंगातून गरम वाफा निघत असतील तर तो त्रास दुणावल्यासारखा वाटतो. काखेतील गाठी काढल्यामुळे जिचा हात सुजलेला राहतो, तिने तर ही बाब आवर्जून सांगावी, कारण हातात साठणारे पाणी वाहून नेणाऱ्या लसिकावाहिन्यांचे आकुंचनही कॅल्शियमवरच चालते. याच मोठ्या कुटुंबातील डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल मात्र वेगळ्या स्वभावाची आहेत: दुर्बळ हृदयाला ती चालत नाहीत, आणि रायबोसिक्लिब, पाल्बोसिक्लिब किंवा नेराटिनिब यांपैकी कर्करोगाची एखादी गोळी सुरू असेल तर तिचे रक्तातील प्रमाण वाढवतात.

लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल ही इस्ट्रोजेन घटवणारी गोळी सुरू असून हाडांची घनता घटली असेल, तर क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधांचा विचार अधिक गांभीर्याने व्हावा. लघवीवाटे जाणारे कॅल्शियम ती रोखून धरतात. म्हणूनच कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सोबत असतील, तर रक्तातील कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढत नाही ना, हे पाहावे लागते. सोडियम कमी होणे आणि साखर वाढणे या त्यांच्या उणिवा आहेत. अ‍ॅबेमासिक्लिब या कर्करोगाच्या गोळीमुळे जुलाब होत असतील, तर त्या काळात लघवी वाढवणारी गोळी अंगाशी येऊ शकते.

बीटा ब्लॉकर गटातील गोळी केवळ रक्तदाबासाठी पहिली म्हणून निवडण्याचे कारण सहसा नसते. पंपिंग क्षमता घटली असेल किंवा नाडीची लय बिघडली असेल, तर मात्र कार्व्हेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉलला तोड नाही. मेटोप्रोलॉलबाबत एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गरम वाफांसाठी किंवा नैराश्यासाठी पॅरोक्सेटिन दिले असेल, तर मेटोप्रोलॉलचे रक्तातील प्रमाण वाढून नाडी फार मंदावू शकते, आणि तेच पॅरोक्सेटिन टॅमॉक्सिफेन या कर्करोग परतू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळीचा परिणामही कमी करू शकते. त्याऐवजी सुचवले जाणारे व्हेन्लाफॅक्सिन स्वतःच रक्तदाब वाढवू शकते. क्लोनिडिनने रक्तदाब आणि गरम वाफा दोन्ही कमी होतात खरे, पण तोंड कोरडे पडते, झोप येत राहते, आणि गोळी अचानक थांबवल्यास रक्तदाब उसळतो.

स्पायरोनोलॅक्टोन ही तीन औषधांनीही दाब न उतरल्यास जोडायची गोळी आहे. ती संप्रेरकांच्या कामात थोडी ढवळाढवळ करते आणि स्तनात दुखरेपणा आणू शकते. कर्करोगाचा धोका तिने वाढल्याचे मोठ्या अभ्यासात दिसलेले नाही, तरी ज्या स्तनावर आधीच शस्त्रक्रिया झाली आहे तिथे नवे दुखणे कोणालाही नको असते.

कोणताही गट निवडला, तरी डोस वाढवण्याआधी वेदनाशामक गोळ्यांची चौकशी व्हावी. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सकाळी बोटे आखडतात, मूठ वळत नाही, आणि मग आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक रोजचेच होऊन बसते. ते रक्तदाब वाढवते, प्रिल, सार्टन आणि लघवीच्या गोळ्यांचा परिणाम बोथट करते, आणि सार्टन व लघवीची गोळी यांच्या जोडीला आले तर मूत्रपिंडांना दुखापत करू शकते. अशा वेळी दुसरी गोळी जोडण्यापेक्षा सांधेदुखीवर वेगळा उपाय मागून घ्यावा, आणि त्यानंतर दोन आठवडे, गाठी न काढलेल्या बाजूच्या हातावर, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे शांत बसून मोजलेले आकडे डॉक्टरांपुढे ठेवावेत.