मायक्रोवेव्हच्या बीपसकट: ग्रूपरचा 'रुइन्स'

'लॅबिरिंथ' हा ग्रूपरच्या 'रुइन्स' या सीडीवरचा चौथा ट्रॅक. नुसता पियानो आहे, गाणं नाही. तेच चार-दोन सूर फिरून फिरून येतात, हळूहळू विरायला लागतात आणि अगदी शेवटी कुठूनतरी 'बीप' ऐकू येतो. तो मायक्रोवेव्हचा आहे. घरातली वीज गेली होती, ती रेकॉर्डिंग चालू असतानाच परत आली आणि मायक्रोवेव्ह वाजला. स्टुडिओत कुणीही तो आवाज कापून टाकला असता, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं असतं. लिझ हॅरिसने तो तसाच राहू दिला. मला हा अल्बम एवढा का आवडतो, याचं बरंचसं उत्तर त्या एका बीपमध्ये आहे.

ग्रूपर म्हणजे ही एकटी लिझ हॅरिस, अमेरिकन गायिका आणि संगीतकार; ग्रूपर या नावाने ती अल्बम काढते. 'रुइन्स' 2014 साली शिकागोच्या क्रँकी या छोट्या लेबलने काढला, पण रेकॉर्डिंग 2011 सालचं आहे. पोर्तुगालच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, अटलांटिकच्या किनाऱ्याजवळ अल्जेझूर नावाचं गाव आहे. गॅलेरिया झे दुश बोइश या संस्थेने तिची तिथे राहून काम करायची सोय केली होती. सोबत सामान किती? चार ट्रॅकचं (म्हणजे चार आवाज वेगवेगळे टिपून एकत्र करता येणारं) एक लहानसं रेकॉर्डर, सोनीचा एक स्टिरिओ माइक आणि एक अपराइट पियानो. रेकॉर्डिंग नसेल तेव्हा ती कित्येक मैल चालत समुद्रावर जायची. वाटेत जुन्या वाड्यांचे आणि एका लहान वस्तीचे पडके अवशेष लागायचे. अल्बमचं नाव तिथलंच. हा अल्बम म्हणजे एक दस्तऐवज आहे, असं तिनेच म्हटलं आहे, आणि ऐकताना ते पटतं. गाणी सुंदर आहेतच, पण ती कुठे आणि कशी वाजली हेही या सीडीवर जसंच्या तसं उतरलं आहे.

ग्रूपरचे आधीचे अल्बम ज्यांनी ऐकलेत त्यांना 'रुइन्स' लावल्यावर चकित व्हायला होईल. आधी गिटार असायची, तिच्यावर प्रतिध्वनीचे थरावर थर चढवलेले आणि आवाज त्या सगळ्यात पार बुडालेला. 2008 च्या अल्बममध्ये तर गाणारी व्यक्ती दोन डोंगर पलीकडे उभी आहे असं वाटतं. इथे ती पियानोपाशी बसली आहे आणि आपण त्याच खोलीत आहोत. तरीही शब्द पुरते कळत नाहीत. ती गाते इतक्या हळू, आणि स्वतःच्याच आवाजाचा दुसरा पदर पहिल्याला असा चिकटवून ठेवते, की एखादी ओळ हाती लागते न लागते तोवर पुढची येते. काहींना याचा त्रास होतो हे मला माहीत आहे. मला होत नाही. अर्थ लागण्याआधीच काय चाललंय ते कळतं, तिने काहीतरी गमावलंय आणि ती त्याबद्दल आवाज न चढवता बोलते आहे.

सुरुवातीचा 'मेड ऑफ मेटल' दोन मिनिटांचाही नाही. थोडे ठोके आणि रात्रीचे बेडूक, एवढंच. त्याच्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही, पण तो वगळून पुढे जाऊ नका. कान तिथे जुळतात. तिथून 'क्लिअरिंग' सुरू होतं आणि अल्बम खऱ्या अर्थाने उघडतो.

'क्लिअरिंग' शक्यतो हेडफोनवर ऐका. डावा हात एक साधी चाल धरून असतो आणि ती जवळजवळ बदलत नाही. वाजलेला सूर पुढच्या सुरात मिसळत राहतो, त्यामुळे स्वरांच्या कडा पुसट होतात. त्यावर आवाज येतो तो सुरुवात कुठे झाली हे कळू न देता. दोन ओळींच्या मधे पियानो एकटा उरतो तेव्हा मागे माइकची बारीक सरसर ऐकू येते, आणि ती सरसर मला त्या गाण्याचाच भाग वाटते. ती काढून टाकली तर मधल्या जागा कोऱ्या पडतील. आता तिथे खोली आहे, भिंती आहेत, बाहेर रात्र आहे.

त्यानंतरचं 'कॉल अक्रॉस रूम्स' हे माझ्या मते या सीडीवरचं सगळ्यात चांगलं गाणं. लहान आहे. चाल इतकी साधी की नवशिक्यालाही बसवता येईल. पण प्रत्येक ओळीच्या शेवटी ती सूर जरासा आधीच सोडून देते, पूर्ण टेकू देत नाही, आणि तेवढ्याने गळा दाटून येतो. इतक्या कमी ऐवजात इतकं काही साधलेलं मी फार कमी वेळा ऐकलं आहे.

'लाइटहाउस' चांगलं आहे, 'हॉलोफर्नेस' हा पुन्हा बिनशब्दांचा छोटा तुकडा. खरी मोठी जागा आहे 'होल्डिंग'. जवळजवळ आठ मिनिटं चालतं, पण घाई कुठेच नाही. आवाजाचे पदर एकमेकांच्या मागून येतात, क्षणभर जुळतात, पुन्हा सुटतात. शेवटाकडे पाऊस येतो, आणि तो खरा पाऊस आहे. इफेक्ट म्हणून पाऊस लावलेले अल्बम खंडीभर आहेत आणि ते लगेच ओळखू येतात, कारण तिथला पाऊस गाण्याच्या सोयीने पडतो. इथे गाणं संपत आलेलं असताना पाऊस आपल्या वेळेने येतो आणि गाण्याला त्याच्यासाठी जागा करून द्यावी लागते.

आता सीडीच का, ते सांगतो. माझ्या कपाटात रेकॉर्ड्सही आहेत आणि काही अल्बम मला तबकडीवरच ऐकायला आवडतात. पण 'रुइन्स'मध्ये शांतता फार आहे, आणि त्या शांततेत बारीकसारीक आवाज भरलेले आहेत. तबकडीवर सुईची खरखर त्यात मिसळते आणि कुठला आवाज अल्जेझूरचा, कुठला आपल्या घरच्या सुईचा हे सांगता येत नाही. शिवाय मध्येच उठून बाजू उलटायची. सीडीवर माध्यमाचा स्वतःचा आवाज नाही, त्यामुळे जे ऐकू येतं ते सगळं त्या खोलीतलं. संपूर्ण अल्बम जेमतेम 40 मिनिटांचा आहे, सीडीवर 74 मिनिटं मावतात, म्हणजे एकदा ट्रे आत गेला की उठायची गरज नाही. स्ट्रीमिंगवर हा अल्बम मिळतो, पण तिथे तो संपला रे संपला की दुसरं कुणाचंतरी गाणं आपोआप सुरू होतं. या अल्बमच्या बाबतीत मला ते अजिबात सहन होत नाही.

आवाज किती ठेवायचा हेही महत्त्वाचं. नीट ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवत नेऊ नका. घरात बसून कुणी पियानो वाजवला तर जेवढा ऐकू येईल तेवढाच ठेवा आणि पंखा बंद करा. कमी आवाजात पियानोचा खर्ज आणि तिचा श्वास जास्त स्पष्ट होतात.

एक तक्रार आहे, आणि ती लहान नाही. शेवटचा ट्रॅक 'मेड ऑफ एअर' पोर्तुगालमधला नाहीच. तो 2004 साली तिच्या आईच्या घरी रेकॉर्ड केलेला आहे आणि 11 मिनिटांहून जास्त चालतो. गाणं नाही, पियानोचा तो जवळचा आवाज नाही, एक लांबच लांब तरंगणारा ध्वनी. स्वतंत्रपणे वाईट म्हणता येणार नाही. पण सात ट्रॅक आपण एका खोलीत बसलेलो असतो आणि आठव्याला कुणी न सांगता दुसरीकडे नेऊन सोडतं. पहिल्या ट्रॅकच्या नावाशी त्याची जोडी जुळते, त्यामुळे तो तिने विचार करूनच तिथे ठेवला असणार. तरी 'होल्डिंग'मधल्या पावसानंतर मला आणखी काही ऐकावंसं वाटत नाही. मी बहुतेक वेळा तिथेच थांबवतो.

कामं उरकताना मागे काहीतरी वाजत राहावं, असा हा अल्बम नाही. तसा लावलात तर सगळी गाणी एकसारखी वाटतील आणि कंटाळा येईल. ठेका हवा असेल, चाल लगेच तोंडात बसायला हवी असेल तरीही याच्या वाटेला जाऊ नका. पण एका बैठकीत 40 मिनिटं दुसरं काही न करता ऐकायची सवय असेल, तर संग्रहात ही सीडी असलीच पाहिजे. आणि ही आवडली तर पुढची 2018 ची 'ग्रिड ऑफ पॉइंट्स' घ्या. पुन्हा पियानो आणि आवाज एवढंच, या वेळी अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये. मधेच तिला सणसणून ताप आला आणि काम तिथेच थांबलं, त्यामुळे सगळी मिळून 22 मिनिटांच्या आसपासच आहे. दोन्हींतली एकच घ्यायची असेल तर मात्र आधी 'रुइन्स'.