एबीसी, डाइस की टॅप? डिमेन्शियातली चिडचिड घरी सांभाळताना

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेलं घरातलं माणूस अंघोळीला नेलं की हात उगारतं, संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" करत दाराशी जातं, आणि तुम्ही नेटवर वाचून एबीसी, डाइस, टॅप या तीन पद्धतींच्या नावांत अडकलाय? आम्ही पण अडकलो होतो.

एबीसी म्हणजे साधी वही. आधी काय घडलं, मग आजी काय वागली, त्यावर आपण काय केलं, तीन रकाने. खर्च शून्य. पण ब्युरोकडून सांभाळायला येणाऱ्या मावशी बदलत राहतात, आणि "आज त्रास दिला" एवढंच लिहिलं तर डोंबल कळतं! शिवाय चार वाजता बिनसतं हे वहीतून दिसतं, पण का बिनसतं ते आपल्यालाच शोधावं लागतं.

डाइस अमेरिकेतल्या हेलन केल्स, लॉरा गिटलिन आणि कॉन्स्टंटिन लिकेट्सोस यांनी मांडलेली पद्धत. वर्णन करा, कारण शोधा, उपाय ठरवा, मग जमलं का ते बघा. खरी मेख दुसऱ्या पायरीत आहे, कारण तिथे दुखणं, बद्धकोष्ठता, युरिन इन्फेक्शन, नवी गोळी, कमी ऐकू येणं हे सगळं तपासायला लावतात, आणि आपला चढलेला आवाज, घरातला टीव्ही हे पण त्यातच येतं (हे ऐकायला जरा जड जातं). आमची आजी ताट ढकलायची, आम्ही म्हणायचो आजार वाढला, आणि निघालं काय तर कवळी टोचत होती.

टॅप (टेलर्ड अॅक्टिव्हिटी प्रोग्राम, म्हणजे त्या माणसाला बेतून दिलेली कामं) पण गिटलिन यांचंच. यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमवून देणारा तज्ज्ञ) माणसाच्या जुन्या सवयी बघून कामं ठरवून देतो, मूळ कार्यक्रमात चार महिन्यांत 8 सेशन होती. म्हणजे एसटीत कंडक्टर असलेल्या काकांना जुनी तिकिटं लावायला, आजीला शेंगा सोलायला. रिकामपणामुळे येणाऱ्या चिडचिडीला भारी, पण घरी येणारा थेरपिस्ट मिळायला हवा, आणि दुखत असेल तर शेंगा काय कामाच्या.

झोपेची किंवा सायकोसिसची (भास-भ्रमावरची) गोळीच मागावी असं पण वाटतं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) 2005 मध्येच इशारा दिलाय की डिमेन्शियाच्या वृद्धांत सायकोसिसच्या या नव्या पिढीच्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका साधारण 1.6 ते 1.7 पट होतो. मारहाणीपर्यंत गेलं किंवा जिवाला धोका असेल तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना लगेच गाठा, डाइसमध्येही तेच आहे.

मला विचाराल तर डाइस घ्या, पहिल्या पायरीला एबीसीची वही वापरा म्हणजे दोन्ही होतं. मावशींना "त्रास" हा शब्द लिहायचा नाही एवढं सांगून ठेवा.